निराधार मेंबर

गजरामावशी गिरणीत आली तेव्हा तिच्या डोक्यावर दळणाचा डबा नव्हता. मी ज्वारी ओतत होते, पट्टा धडधडत होता, आणि ही बाई दारातूनच काहीतरी ओरडत होती.

"काय गं मावशी?"

"तू निवडून यायला पायजेस, द्वारके! कसंबी करून यायला पायजेस!"

मी बटण दाबून गिरणी बंद केली. आधी वाटलं, म्हातारी टोमणा मारतेय. कारण आमच्या वॉर्डात ग्रामपंचायतीला दोनच बायका उभ्या होत्या. एक मी, आणि माझ्याविरुद्ध ही गजरामावशी.

आमच्या वॉर्डात त्या वर्षी बाईची जागा निघाली होती. एका पॅनेलनं मला गाठलं, कारण दळणामुळं घरोघरची बाई मला ओळखते. मलाही, खरं सांगते, त्या पंचायतीच्या खुर्चीवर बसायची लई हौस होती. गिरणीपुढची गटार उघडी पडलेली, ग्रामसेवकाला सांगून सांगून माझी जीभ झिजली होती. म्हणलं, आता खुर्चीवर बसूनच सांगते. दुसऱ्या पॅनेलचे पुढारी होते दिनकरतात्या. त्यांना वॉर्डात उभी राहायला बाईच मिळेना, तेव्हा त्यांनी मावशीला गाठून सांगितलं, "तुला काय बी करायचं न्हाई. नाव तेवढं तुझं, बाकीचं आमी बघतो." मावशीनं अंगठा दिला, तात्यांनी साडी दिली, आणि दोघंही खूश झाले.

आणि आता तीच बाई माझ्या गिरणीत उभी राहून मला निवडून यायला सांगत होती, तेही डोळ्यांत पाणी आणून.

"अगं, पर झालं काय?"

"तुझ्या नवऱ्यानं सांगितलं म्हणून बरं झालं," ती म्हणाली. "न्हाईतर मेले असते मी. मेंबर झाले तर माझा पगार बंद व्हतोय."

पगार म्हणजे निराधारचा पगार. सरकारी कागदावर त्याला काय म्हणत असतील ते म्हणोत, आमच्याकडे त्याला पगारच म्हणतात. मावशीचा नवरा जाऊन जमाना झाला होता. मुलगा पिंपरीला गेला तो तिकडचाच झाला. दोन शेळ्या आणि हा पगार, एवढ्यावर तिचं चाललं होतं. पण नुसतं चाललं होतं म्हणून भागणार नाही. पगाराच्या दिवशी वॉर्डातल्या पगारवाल्या बायका जीप करून तालुक्याच्या बँकेत जायच्या. त्या दिवशी मावशी पोपटी साडी नेसायची, केसाला तेल लावायची. पैसे हातात आले की सगळ्याजणी स्टँडसमोरच्या हॉटेलात बसून कांदाभजी खायच्या. जन्मभर दुसऱ्याच्या चुलीपुढं राबलेली बाई तिथं बाकड्यावर बसून ऑर्डर द्यायची, "अजून एक प्लेट आण रे, आन् मिरची तळून आण." परत आली की चार दिवस ती भजी कशी होती हेच सांगायची. तो दिवस जाणार म्हणून तिचा जीव कासावीस झाला होता.

फॉर्म मागं घ्यायला ती तालुक्याला जाऊनही आली होती. मुदत संपली म्हणून तिला परत पाठवलं. म्हणून मग माझ्याकडं.

संध्याकाळी जेवायला बसल्यावर मी आमच्या ह्यांना विचारलं, "अवो, मेंबर झाल्यावर खरंच पगार बंद व्हतो का?"

"मला काय म्हाईत!" भाकरी मोडत हे म्हणाले. मिशीला पीठ तसंच. "म्हातारी दळण घ्यायला आली, लई तोऱ्यात व्हती, मेंबर व्हणार म्हणून. म्हणलं जरा गंमत करावी. म्हणलं, मावशी, मेंबर झाल्यावर कसला आलाय निराधारचा पगार, सरकार काय येडं हाय व्हय?"

"म्हंजे तुमी आपलं तोंडाला आलं ते बोललात?"

"मग! पर बघ की कसं जमलं."

"मी जाऊन सांगते तिला. बिचारीनं डोळ्याला पदर लावला व्हता."

"खुळी का काय तू? आगं, तुझा विरोधक तुझा प्रचार करायला निघालाय! असं नशीब कुणाच्या वाट्याला येतंय का? गप भाकरी वाढ."

मी भाकरी वाढली.

दुसऱ्या दिवसापासून जो प्रचार सुरू झाला, तसा आमच्या गावानं ना कधी आधी बघितला ना नंतर. माझी निशाणी कपबशी, मावशीची शिट्टी. मी हात जोडून पुढं, आणि माझ्या मागं मावशी. मी काही बोलायच्या आत हीच बोलायची, "कपबशीच दाबायची बरं का गं. शिट्टीकडं बघायचं बी न्हाई."

आम्ही पहिल्यांदा गेलो सोजराबाईच्या घरी. नवरा टाकून गेलेली बाई, दोन पोरींना घेऊन भावाच्या आडोशाला राहायची. तिनं पगारासाठी कधीचा अर्ज दिला होता, तात्यांच्याकडं. पण आमच्या गावात सगळ्यांना पक्कं ठाऊक होतं की पगाराचा कोटा असतो. गावाला ठरावीक जागा. एखादी म्हातारी वर गेली तरच खालची एखादी आत घुसणार. तात्याच तसं सांगायचे. "धीर धर सोजरा. जागा निघाली की तुझाच नंबर." कुणी म्हातारी आजारी पडली की अर्जवाल्या बायका भेटायला जायच्या, पेज घेऊन जायच्या, आणि तोंड बघून यायच्या. कुणाच्या मनात पाप नव्हतं हो, पण नजर जायचीच.

"सोजरे," मावशी उंबऱ्यातच बसत म्हणाली, "मला मत दिऊ नगंस."

"आं?"

"मी निवडून आले तर माझा पगार बंद व्हतोय."

सोजराबाईनं चुलीवरचं आधण बाजूला ठेवलं. "खरंच बंद व्हतोय?"

"व्हय."

"म्हंजे कायमचा?"

"कायमचा गं. लेकरा, म्हातारपणी माझ्या तोंडातला घास काढू नगं. हिला मत दे."

"नक्की म्हाईत हाय ना पर तुला?" सोजराबाईनं पुन्हा विचारलं. "न्हाई, उगं कुणीतरी सांगितलेलं असायचं."

"हिच्या मालकानं सांगितलंय. शिकलेला माणूस हाय. दहावीला बसलेला."

सोजराबाईनं आम्हाला चहा पाजला. साखर घातलेला, दुधाचा. भावाच्या घरात साखरेच्या डब्याला हात लावायची तिला चोरी, पण त्या दिवशी तिनं मावशीच्या कपात दोनदा साखर टाकली, आणि जाताना तिच्या पाठीवरनं हात फिरवला. "काळजी करू नगं मावशी," म्हणाली, "मी बघते."

बाहेर आल्यावर मावशी मला म्हणाली, "बघ, किती माया हाय पोरीला."

घरोघर हेच. जिथं जाईल तिथं चहा, जिथं जाईल तिथं "नक्की ना?" आणि "कायमचा ना?" मला वाटलं, काय कनवाळू वॉर्ड आहे आपला! आमच्या पॅनेलची माणसं चावडीवर हसून हसून लोळायला लागली. "द्वारकाताई, तुमी आता घरीच बसा. म्हातारीच निवडून आणतीया तुमाला."

तात्यांचा मात्र जळफळाट झाला. त्यांनी कर्णा लावलेली रिक्षा वॉर्डात सोडली, "आपल्या सर्वांच्या लाडक्या, गोरगरिबांच्या कैवारी गजराबाई खंडागळे यांच्या शिट्टीसमोरील बटण दाबून..." आणि रिक्षाच्या मागून लाडक्या कैवारी गजराबाई पदर खोचून पळत होत्या, "खोटं बोलतंय त्ये! ऐकू नगा! बंद कर रं मुडद्या!"

रिक्षावाल्यानं आवाज वाढवला, तसा मावशीनं आवाज वाढवला. शेवटी तात्या स्वतः आले.

"मावशी, काय चालवलंय हे? पॅनेलची अब्रू काढलीस तू."

"तुमी माझा पगार काढताय त्याचं काय?"

"अगं, मेंबर झालीस तर मान मिळंल, खुर्ची मिळंल."

"मान काय भज्यासंगं खायचा व्हय? खुर्चीवर तुमच्या आईला बसवा! तिला बी पगार हाय की!"

तात्यांची आई बंगल्यात राहायची, आणि तिलाही निराधारचा पगार होता. हे सगळ्या गावाला माहीत होतं, पण भर चौकात मोठ्यानं कुणी म्हटलं नव्हतं. तात्या घाम पुसत निघून गेले. रिक्षाही गेली. त्या दिवसापासून शिट्टीचा प्रचार बंद, आणि कपबशीचा दोन तोंडांनी चालू.

मतदानाच्या दिवशी शाळेपुढं बायकांची ही रांग. म्हाताऱ्या, तरण्या, कडेवर पोरं घेतलेल्या. जी ती माझ्याकडं बघून गोड हसत होती आणि मावशीकडं बघून त्याहून गोड. मावशी बाहेर आली ती बोट दाखवत, "दाबली गं बाई कपबशी. चांगली जोरात दाबली."

मोजणी तालुक्याला झाली. निकाल ऐकून आमचे हे परत आले आणि माझ्यापुढं नुसते उभे राहिले.

"काय वो? किती फरकानं?"

"एक विचारू का?" हे म्हणाले. "तू तरी तुला मत दिलंस ना?"

मी पडले होते. नुसती पडले नव्हते, चारी मुंड्या चीत झाले होते. माझ्या नावावर जी मूठभर मतं पडली त्यात एक मावशीचं होतं, हा सुद्धा अपमानच.

तेवढ्यात हलगी वाजायला लागली. तात्यांच्या माणसांनी मावशीला खांद्यावर घेतलं होतं. गुलालानं माखलेली, आणि ओक्साबोक्शी रडत होती. लोक म्हणत होते, बघा, आनंद मावत नाही बिचारीच्या पोटात. मिरवणूक गिरणीपुढं आली तशी सोजराबाई गर्दीतनं पुढं घुसली. हातात आरतीचं ताट. मावशीला ओवाळलं, कुंकू लावलं, आणि तिच्या कानाशी तोंड नेऊन, पण हलगीमुळं ओरडूनच, तिनं विचारलं,

"मावशी, आता जागा निघाली ना गं?"

मावशीला काही कळेना. "कसली जागा?"

"पगाराची! तुझा बंद झाला ना? मग माझा नंबर लागतोय ना?"

"तुझा कसा?" मागून कलाबाई खेकसली. "माझा अर्ज तुझ्या आधीचा हाय. मी घरातली पाच मतं शिट्टीला दिलीत!"

"माझ्या सासूला पाठकुळी बसवून नेलं मी शिट्टी दाबायला!" तिसरी म्हणाली.

तिथंच तीन बायकांची जुंपली. आरतीचं ताट गटारीत गेलं. मावशी खांद्यावरून खाली बघत राहिली, आणि माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. आम्ही घरोघर फिरून, पाया पडून, चहा पिऊन काय सांगत होतो? की बायांनो, शिट्टी दाबलीत तर एक जागा रिकामी होईल. ह्याच्याइतका जोरदार प्रचार तात्यांना सात जन्मात जमला नसता.

दुसऱ्या दिवशी सकाळी मावशी गिरणीत हजर. तोंडावरचा गुलाल अर्धाच निघालेला.

"तुझ्यामुळं झालं सगळं," ती म्हणाली.

"माझ्यामुळं? मी पडलेय इथं!"

"तू पडलीस कशाला पर? तुला साधं निवडून बी येता येईना व्हय गं?"

मला राग आला, आणि हसूही आलं. तिच्याकडं बघितलं तर ती गिरणीच्या पायरीवर बसून पगाराचं पासबुक पदरात गुंडाळत होती. मग मात्र मला राहवेना. म्हणलं, "चल. तहसीलात जाऊन विचारू. आमच्या ह्यांचं काय खरं धरतीस? ते उगं गमतीनं बोलले व्हते." तिनं माझ्याकडं जे बघितलं, ते अजून विसरले नाही. पण उठली.

तहसीलातला क्लार्क तरणा होता. त्यानं सगळं ऐकून घेतलं आणि पेन कानावर ठेवलं. "सदस्य झाल्यावर बंद करायचा, असा काही आदेश आमच्याकडं आलेला नाही, आजी. पगार चालू आहे तुमचा."

मावशीनं त्याला तिथल्या तिथं दंडवत घातला. "आन् पुढं?"

"पुढं आदेश आला तर कळवू."

"पर येईल का?"

"आजी, सरकारचं मी काय सांगू?"

मी म्हणलं आलोच आहोत तर विचारावं. "साहेब, आमच्या गावचा कोटा किती हाय?"

"कसला कोटा? नियमात बसेल त्यानं अर्ज करावा. तुमच्या गावातनं तर अर्जच येत नाहीत."

"अवो, दिलेत की! तात्यांच्याकडं."

"इथं पोचलेले नाहीत," तो म्हणाला, आणि पेन कानावरनं काढून कामाला लागला.

परतीच्या जीपमध्ये मावशीनं बोटांवर वॉर्डातली अर्जवाली घरं मोजली. मग म्हणाली, "कोट्याचं सगळ्यांना सांगायचं. पगाराचं न्हाई सांगायचं."

"का गं?"

"आगं, त्यांनी मतं कशाला दिली? माझा बंद पडावा म्हणून. आता न्हाई पडला म्हणलं तर फसवलं म्हणतील. चपलांनी हाणतील मला."

आणि म्हातारीनं ते असं काही निभावलं, की बघत राहावं. पहिल्याच महिन्यात तिनं ट्रॅक्टर ठरवला, वॉर्डातल्या अर्जवाल्या बायका ट्रॉलीत भरल्या आणि थेट तहसीलात नेऊन उतरवल्या. क्लार्क अर्ज घेईना तर त्याच्या टेबलापुढं बसली. "मेंबर हाय मी. जेवान बांधून आणलंय. आमाला घाई न्हाई." सोजराबाईचा पगार झाला, कलाबाईचा झाला, एकेक करत सगळ्यांचे झाले. तात्यांची बोलती बंद झाली, कारण बाई त्यांच्याच पॅनेलची. माझ्या गिरणीपुढची गटारसुद्धा बांधून झाली. माझ्याशिवाय.

पण स्वतःचा पगार मावशी आता चोरून आणायची. पगाराच्या दिवशी बायकांनी भरलेली जीप निघून जायची, आणि ही दारात उभी राहून त्यांना हात करायची. पोपटी साडी पेटीत. दोन दिवसांनी "मीटिंग हाय गं" म्हणून एकटीच एसटीनं जायची. एकदा मी विचारलं, "भजी खाल्लीस का?" म्हणाली, "एकटीला काय गोड लागतंय?" तिच्या जिवाला ते लागलं होतं.

आमचे हे त्यानंतर आजारी पडले. दवाखान्यात गिरणी गेली, आणि शेवटी हे पण गेले. लेक सासरी, मी एकटी. सुतक फिटलं तशी मावशी दारात आली, कागद घेऊन. "हितं अंगठा कर. न्हाई, तुला सही येती, सही कर." मी म्हणलं, "मावशी, मी गिरणीवाली गं. मी कशी निराधार?" ती म्हणाली, "गिरणी कुठाय आता?" मी रडले, आणि सही केली.

पहिल्या पगाराला मी बायकांबरोबर जीपनं गेले. कुणाचं देणं नाही, कुणापुढं हात पसरणं नाही. बँकेतनं बाहेर आले, हॉटेलात बाकड्यावर बसले, आणि सोजराबाईनं माझ्यापुढं भज्याची प्लेट सरकवली. पहिला घास खाल्ला, आणि मीच हाक दिली, "मिरची तळून आण रे." गजरामावशी त्या दिवशी पट्ट्याच्या आवाजावर एवढं का ओरडत होती, ते मला तिथं कळलं.

आणि पुन्हा निवडणूक लागली. सोडतीत पुन्हा बाईचीच जागा निघाली. तात्यांनी वॉर्ड पिंजून काढला, पण एक बाई तयार होईना. घरटी एक पगार झाला होता ना! आमच्या ह्यांच्या त्या वाक्याला तोवर शेपूट फुटलं होतं. घरातलं कुणीही मेंबर होवो, सुनेनं फॉर्म भरला तरी सासूचा पगार बंद, असं पोरंटोरं सुद्धा सांगत होती.

उरले मी. मला खुर्चीची हौस होती, लिहितावाचता येत होतं, लोकही म्हणत होते, द्वारकाताई, ह्या वेळेला तुमचाच नंबर. आणि मला तर सगळंच ठाऊक होतं. ते वाक्य माझ्याच नवऱ्यानं माझ्याच गिरणीत उभं राहून, गंमत म्हणून बनवलेलं. आदेश नाही, हे क्लार्कच्या तोंडून मी माझ्या ह्या दोन कानांनी ऐकलेलं. मी फॉर्म आणला. पुढ्यात घेऊन बसले. नाव लिहिलं. आणि क्लार्कचं ते दुसरं वाक्य आठवलं, आला तर कळवू. आलाच तर? माझ्याच सहीनं तो पगार गेला तर? मुदत संपेपर्यंत मी त्या कागदापुढं बसून राहिले.

हिचा पगार तर आधीच बंद, म्हणून सगळ्यांनी मावशीलाच पुन्हा उभं केलं, आणि गजरामावशी बिनविरोध निवडून आली.

संध्याकाळी ती पेढे घेऊन माझ्या ओट्यावर आली. सोजराबाई, कलाबाई, सगळ्याच जमल्या होत्या. मावशी माझ्याजवळ सरकली आणि हळूच म्हणाली, "तुझी वाट बघितली गं मी. मला वाटलं, तू तरी भरशील."

"सांगून टाक ना मावशी सगळ्यांना एकदा," मी तितक्याच हळू म्हणाले. "बंद व्हत न्हाई म्हणून. किती दिवस झाकून ठेवणार हायस?"

तिनं माझ्या हातावर पेढा ठेवला. "मी सांगितलं तर म्हणतील, मेंबर हाय, हिला काय धाड भरली. तू सांग की. तुला तर पक्कं ठाऊक हाय. आन् पुढच्या खेपेला फॉर्म भरून दाखव. सांग, ह्या सगळ्या बसल्यात."

सगळ्या माझ्याकडं बघायला लागल्या. सोजराबाई म्हणाली, "काय गं द्वारके? काय सांगतीस?"

सोमवारी पगार होता. मी तोंड उघडलं, आणि पेढा तोंडात टाकला.